परदेशी भाडेकरू आणि घरमालकाची जबाबदारी : बेळगाव सीमाभागातील घरमालकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाडेचिठ्ठ्या आणि करारपत्रे लिहून देण्याच्या कामामुळे शहापूर, वडगाव, टिळकवाडी, अनगोळ या भागांतील घरमालकांशी माझा रोजचा संबंध येतो. पूर्वी त्यांचे प्रश्न अनामत रक्कम, वीजबिल आणि पाण्याच्या मोटारीपुरते असत. अलीकडे मात्र "हा माणूस आपल्या देशाचा आहे की नाही, हे मी तपासायचे का?" असा प्रश्न जवळपास प्रत्येक करारापूर्वी विचारला जातो. त्या प्रश्नाला फुटलेल्या फाट्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

भाडेकरूचे नागरिकत्व तपासणे माझ्यावर कायद्याने बंधनकारक आहे का?

प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, त्या शब्दांत त्याचे उत्तर "नाही" असे आहे. समोरचा माणूस भारताचा नागरिक आहे की नाही याचा निवाडा करण्याचे काम भारतीय कायद्याने घरमालकावर सोपवलेले नाही. कायद्याने सोपवलेले काम वेगळे आणि बरेच मर्यादित आहे. आपल्या जागेत परदेशी नागरिक राहायला आला, तर त्याची माहिती ठरलेल्या मुदतीत नोंदणी अधिकाऱ्यांना कळवायची, त्याच्याकडून आवश्यक तपशील लिहून घ्यायचा आणि ती नोंद जपून ठेवायची. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एक तर घरमालक विनाकारण घाबरतो, नाहीतर स्वतःला अधिकारी समजू लागतो, आणि माझ्या अनुभवात दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो.

ही जबाबदारी नेमक्या कोणत्या कायद्यात आहे?

इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ या कायद्याच्या कलम ८ मध्ये ती आहे. राष्ट्रपतींची संमती ४ एप्रिल २०२५ रोजी मिळाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून हा कायदा अमलात आला. त्याच्या येण्याने चार जुने कायदे रद्द झाले : भारतात प्रवेशासंबंधीचा १९२० चा पासपोर्ट कायदा, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा १९३९ चा कायदा, १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट आणि वाहतूक कंपन्यांच्या दायित्वाचा २००० सालचा कायदा. तरीही "नवीन कायदा आला, आता घरमालकांचे काही खरे नाही" हे म्हणणे बरोबर नाही, कारण राहण्याची जागा देणाऱ्याने परदेशी पाहुण्याची खबर द्यावी ही अट १९४६ च्या कायद्यातही कलम ७ मध्ये होतीच. लॉजवाले ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आणि घरमालकांना तिचा पत्ता नव्हता, एवढाच फरक.

माझे हॉटेल किंवा लॉज नाही. वाड्यातली मागची एक खोली भाड्याने देतो. तरीही हे मला लागू होते का?

होय. कायद्याची भाषा हॉटेलपुरती नाही. सामानसुमानासह असो वा रिकामी असो, जेथे राहण्याची किंवा झोपण्याची सोय दिली जाते अशी कोणतीही जागा सांभाळणाऱ्यावर ही जबाबदारी येते. पेइंग गेस्टच्या खोल्या, धर्मशाळा, वसतिगृहे, अतिथिगृहे आणि खासगी घरे ही सर्व तीत येतात. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर शेतघराचे होमस्टे करून गोव्याहून येणारे पर्यटक ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. त्यांच्याकडे शनिवारी येऊन रविवारी जाणारा परदेशी पर्यटक हाही नोंद करण्याजोगाच पाहुणा आहे, आणि एकच रात्र राहिला म्हणून सूट मिळत नाही.

चंदगड, गडहिंग्लज किंवा गोव्याहून आलेला भाडेकरू "सीमेपलीकडचा" मानायचा का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल, परंतु मला तो गंभीरपणे विचारला गेला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्या बोलण्यात "सीमा" म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमा, आणि ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राने दावा सांगितला आहे त्यांच्याविषयीचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इमिग्रेशनच्या कायद्याला मात्र या सीमेशी काहीही कर्तव्य नाही. शिनोळीचा कामगार उद्यमबागेतल्या फौंड्रीत नोकरी करून अनगोळात खोली घेतो, निपाणीचे कुटुंब कागलला राहायला जाते, ही सर्व माणसे देशातच राहतात, आणि देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क त्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेला आहे. त्यांच्यापैकी कोणालाही "तुमचे परमिट दाखवा" असे म्हणण्याचा अधिकार घरमालकाला नाही.

आधार कार्ड पाहिले की पुरे, नाही का?

ओळख पटवण्यासाठी ते उपयोगी आहे, नागरिकत्वासाठी नाही. आधार कायदा, २०१६ च्या कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. आधार मिळण्याची कसोटी रहिवासाची असून, अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही ते रीतसर मिळू शकते. त्यामुळे "आधार आहे म्हणजे भारतीय" आणि "परदेशी माणसाकडे आधार आहे म्हणजे ते खोटे" ही दोन्ही अनुमाने चुकीची आहेत. मतदार ओळखपत्र आणि भारतीय पासपोर्ट हे नागरिक म्हणून दिले जाणारे कागद आहेत, पण प्रत्येक भारतीयाकडे ते असतीलच असे नाही. घरमालकाने आधारवरील क्यूआर कोड अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून नाव आणि छायाचित्र जुळते की नाही एवढे पाहावे. छापील कागदावर फोटो बदलणे सोपे असते आणि या एका मिनिटाच्या तपासणीत ते उघडे पडते.

बंगाली बोलणाऱ्या कारागिरांना खोली द्यावी की नाही? लोक म्हणतात, नको ती भानगड.

या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सविस्तर देतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ येथेच आहे. सोन्याच्या घडाईची कामे करणारे बंगाली कारागीर सराफी पेठांमधून दिसतात. बंगाली ही पश्चिम बंगालची आणि त्रिपुरातील मोठ्या लोकसंख्येची भाषा आहे, तशीच ती बांगलादेशाचीही आहे. भाषेवरून, आडनावावरून किंवा धर्मावरून देश ओळखण्याची कोणतीही पद्धत कायद्याला ठाऊक नाही. आपल्या भागात मराठी बोलणारा माणूस कोल्हापूरचा की खानापूरचा हे त्याच्या बोलण्यावरून सांगता येत नाही आणि तसे कोणी ठरवू लागला तर आपल्याला ते लागते, मग तोच न्याय दुसऱ्याच्या भाषेला लावण्यास काय हरकत आहे?

व्यवहारात करायचे ते असे. इतर कोणत्याही भाडेकरूकडून जे कागद आपण मागतो, तेच या कारागिराकडून मागावेत : ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, काम देणाऱ्या दुकानदाराचे नाव व फोन, आणि मागच्या घरमालकाचा संपर्क. पेढीच्या मालकाला फोन करून खात्री करावी. कागद जुळत असतील तर करार करावा. जुळत नसतील, म्हणजे दोन कागदांवर दोन जन्मतारखा असतील किंवा छायाचित्र दुसऱ्याचेच वाटत असेल, तर करार न करता थांबावे आणि ती बाब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावी. एखादी व्यक्ती परदेशी आहे की नाही असा प्रश्न उद्भवला, तर नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्या व्यक्तीवर टाकला आहे आणि तो पुरावा सक्षम अधिकाऱ्यांपुढे द्यायचा असतो. घराच्या ओसरीवर, चार शेजाऱ्यांसमोर, तो मागायचा नसतो.

परदेशी भाडेकरू आला तर माहिती कशी आणि किती वेळात कळवायची?

तो राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत. सर्वत्र "सी फॉर्म" म्हणून ओळखले जाणारे हे कळवणे ऑनलाइन करावे लागते. त्यासाठी घरमालकाने आधी परदेशी नागरिक नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आपल्या जागेची नोंद करून वापरकर्ता खाते मिळवायचे असते. ते खाते मंजूर होण्यास वेळ लागतो, त्यामुळे भाडेकरू दारात उभा राहिल्यावर हे काम सुरू केले तर २४ तासांची मुदत हुकलीच म्हणून समजा. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे प्रादेशिक कार्यालय बंगळुरू येथे आहे, आणि जिल्ह्याच्या पातळीवर नोंदणी अधिकाऱ्याचे काम सामान्यतः पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात चालते. बेळगाव शहरासाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय असल्याने शहरातील घरमालकांनी आपली जागा कोणाच्या हद्दीत येते, हे आधी विचारून घ्यावे.

फॉर्ममध्ये नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक व मुदत, व्हिसाचा प्रकार, क्रमांक व मुदत, भारतात आल्याची तारीख, आपल्या जागेत आल्याची तारीख, किती दिवस राहणार आणि कशासाठी, असे तपशील भरायचे असतात. चुका दोन ठिकाणी हमखास होतात. पासपोर्टची मुदत बहुधा दहा वर्षांची असते आणि व्हिसाची कदाचित एकाच वर्षाची. घाईत पासपोर्टची तारीख व्हिसाच्या रकान्यात जाते आणि कागदोपत्री भाडेकरू आणखी नऊ वर्षे कायदेशीर ठरतो. दुसरी चूक नावाची. एकदा एका मलेशियन तमिळ विद्यार्थ्याचा फॉर्म मी स्वतः भरत होतो. पासपोर्टवर त्याच्या नावामागे "ए/एल" अशी अक्षरे होती, ती मला उपनामाची आद्याक्षरे वाटली आणि मी तसे लिहून टाकले. त्या मुलाने शांतपणे समजावून सांगितले की मलय भाषेत त्याचा अर्थ "मुलगा", म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि पुढचे नाव वडिलांचे आहे, आडनाव असे काही नाहीच. तेव्हापासून मी पासपोर्टच्या तळाशी असलेल्या यंत्राने वाचायच्या दोन ओळी पाहूनच नाव उतरवतो.

वैद्यकीय महाविद्यालयातील परदेशी विद्यार्थी वसतिगृह सोडून माझ्या फ्लॅटमध्ये आला. त्याची नोंद महाविद्यालयाने केलेली असेल ना?

महाविद्यालयाची नोंद वेगळी आणि आपली वेगळी. नव्या कायद्याने शिक्षणसंस्थांवर कलम ९ मध्ये आणि रुग्णालयांवर कलम १० मध्ये स्वतंत्र जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. त्या पूर्ण झाल्या म्हणून घरमालकाची सुटका होत नाही. मलेशियाच्या विद्यापीठाशी जोडलेला वैद्यकीय अभ्यासक्रम २०१० पासून बेळगावात चालल्यामुळे नेहरूनगर, सदाशिवनगर या भागांतील घरमालकांना परदेशी विद्यार्थ्यांची सवय आहे, आणि त्यांतले कित्येक जण हे काम चोख करतात. याशिवाय १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला स्वतःही भारतात आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि पत्ता बदलल्यास तोही कळवावा लागतो. तो पत्ता म्हणजे आपला फ्लॅट असल्याने विद्यार्थी आपल्याकडे कराराची प्रत मागेल. ती विनातक्रार द्यावी.

नेपाळी रखवालदार आणि तिबेटी स्वेटरवाले यांचे काय?

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना त्यांच्या देशाच्या सीमेवरून भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारातील अनुच्छेद ७ प्रमाणे राहण्याच्या, व्यापाराच्या आणि मालमत्तेच्या बाबतीत नेपाळी नागरिकांना भारतात भारतीयांसारख्या सवलती आहेत. म्हणून नेपाळी भाडेकरूकडे "व्हिसा कुठे आहे" असे विचारणे चुकीचे आहे. त्याचे नेपाळी नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट पाहून प्रत ठेवावी. तिबेटी लोकांचे म्हणाल तर शेजारच्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात मुंडगोड येथे १९६६ पासून त्यांची मोठी वसाहत आहे. नोंदणी झालेल्या तिबेटी व्यक्तीकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, तेच तिचे मुख्य कागदपत्र समजावे, आणि त्याची मुदत पाहावी. व्हिसाची सूट म्हणजे नोंदीची सूट नव्हे. दोघेही परदेशी नागरिक किंवा नोंदणीकृत परदेशी म्हणूनच राहतात, तेव्हा माहिती कशी द्यायची हे ठाण्यात विचारून तशी द्यावी.

भाडेकरू मूळचा गोव्याचा, कोकणी बोलतो, पण पासपोर्ट पोर्तुगालचा आहे. हा परदेशी का?

होय. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते आणि अनेकांनी ते घेतले आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे ते घेताच भारतीय नागरिकत्व संपते. बेळगावच्या कँपात आजोळ असलेला आणि आपल्याबरोबर शाळेत शिकलेला माणूस कायद्याने परदेशी असू शकतो, हे घरमालकांच्या गळी उतरवणे मला सर्वांत कठीण जाते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड) असेल तर व्हिसाची कटकट संपते. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, म्हणून राहण्याची माहिती त्याचीही कळवावी.

भारतीय भाडेकरूची माहितीही पोलिसांना द्यावी लागते का?

हा वेगळा विषय आहे आणि तो इमिग्रेशनच्या कायद्यातून येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचे कलम १४४) सक्षम अधिकारी भाडेकरूंची माहिती देण्याचा आदेश काढू शकतात. असा आदेश साधारणतः दोन महिन्यांपुरता असतो आणि राज्य सरकार तो वाढवू शकते. आदेश लागू असताना मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ प्रमाणे कारवाई होऊ शकते, आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, तर जीविताला धोका उद्भवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. आदेश नसतानाही ठाण्यात माहिती देऊन पोच घेणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे. पुढे काही विपरीत घडले तर त्या पोचेवरचा शिक्काच घरमालकाच्या बाजूने बोलतो.

ठाण्यातला फॉर्म कानडीत असतो. मराठीत दिला तर चालेल का?

छापील फॉर्म जसा असेल तसा भरावा, कारण तो वाचणाऱ्या हवालदाराची सोय हीही एक गोष्ट आहे. कानडी लिहिता येत नसेल तर नावे व पत्ते इंग्रजीत लिहिले जातात. फॉर्म कोणी दुसऱ्याने भरून दिला तर प्रत्येक रकान्याचा अर्थ विचारून मगच सही करावी. "बाडिगेदार" म्हणजे भाडेकरू आणि "मालीक" म्हणजे आपण, हे उलटे भरलेले फॉर्म मी पाहिले आहेत. तक्रार करायची असेल तर मात्र मराठीत लिहिण्यास अडचण नाही. केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे.

अकरा महिन्यांचा करार पुरेसा आहे का?

कर्नाटकात बहुतेक करार अकरा महिन्यांचे ई-स्टॅम्पवर होतात, कारण एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. पलीकडे महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. कोल्हापूरच्या नातेवाइकांच्या सल्ल्याने येथे करार करणाऱ्यांची त्यामुळे फसगत होते. परदेशी भाडेकरूच्या करारात पासपोर्ट व व्हिसाचा तपशील घालावा, आणि कराराची मुदत व्हिसाच्या मुदतीपलीकडे जाऊ देऊ नये.

मध्येच व्हिसा संपला. मी त्याला बाहेर काढू का?

बाहेर काढू नका, कळवा. मुदतवाढीचा अर्ज केला असेल तर त्याची पोच मागावी. नसेल तर नोंदणी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. कुलूप बदलणे, पाणी किंवा वीज तोडणे, सामान रस्त्यावर ठेवणे हे उपाय बेकायदेशीर आहेत. कायद्याची वाट न धरता ताबा काढून घेतल्यास भाडेकरू विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो.

शिक्षा काय आहेत?

वैध कागदांशिवाय भारतात शिरणाऱ्या परदेशी व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, बनावट पासपोर्ट वा व्हिसा वापरणाऱ्याला दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख दंड, आणि व्हिसाची मुदत उलटूनही राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या शिक्षा परदेशी व्यक्तीच्या आहेत. घरमालक त्यांच्या कक्षेत येतो तो जाणूनबुजून साहाय्य केल्यास. भाडे जास्त मिळते म्हणून नोंद टाळणे आणि नोंद करायची राहून जाणे यांत फरक आहे, परंतु तो फरक तपास अधिकाऱ्याला पटवून देण्याची पाळी येऊ नये हेच बरे.

कागद किती ठेवायचे? मूळ पासपोर्ट अनामत म्हणून ठेवता येतो का?

मूळ पासपोर्ट कधीही ठेवू नये. पासपोर्ट व व्हिसाच्या पानांची झेरॉक्स, छायाचित्र आणि भरलेल्या फॉर्मची प्रत पुरेशी आहे. आधारची प्रत घेताना शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत घ्यावी. या प्रती व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटाच्या गटात टाकण्याची जी सवय पडली आहे ती अत्यंत वाईट आहे. आणि एजंटाने "मी सगळे बघतो" असे म्हटले तरी जबाबदारी जागा सांभाळणाऱ्याचीच राहते, एजंटाची नव्हे.

माझा मुलगा इंग्लंडमध्ये शिकतो. तेथील घरमालकाने त्याच्याकडे व्हिसाचा कोड मागितला. हे कायदेशीर आहे का?

होय, आणि आपल्याकडील समजुतींचा बराचसा गोंधळ तिकडच्या बातम्यांतूनच आला असावा. इंग्लंडमध्ये "राइट टू रेंट" नावाची पद्धत ब्रिटनच्या २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने आली. १ डिसेंबर २०१४ रोजी ती वेस्ट मिडलंड्सच्या काही भागांत आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये सुरू झाली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती नाही. तेथे भाडेकरू राहायला येण्यापूर्वीच प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा तेथे भाड्याने राहण्याचा हक्क तपासण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, मग ती व्यक्ती ब्रिटिश असली तरी. १३ फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्या चुकीला भाडेकरूमागे १०,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास २०,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाने आपल्या ई-व्हिसाच्या खात्यातून "शेअर कोड" तयार करून जन्मतारखेसह द्यावा, तो ९० दिवस चालतो. दंडाच्या भीतीने तेथील घरमालक परक्या नावाच्या लोकांना टाळतात, अशी तक्रार तेथील उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ग्राह्य धरली होती, तर अपील न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय फिरवून योजना कायम ठेवली.

भाडेकरू घर सोडून गेला. आता काही करायचे राहते का?

गेल्याची तारीख पोर्टलवर नोंदवावी, पुढचा पत्ता विचारून वहीत लिहावा, आणि ठाण्यात पूर्वी माहिती दिली असेल तर तेथेही कळवावे. भाडेकरू गेल्यावर सहा महिन्यांनी त्याच्या नावाने आपल्या पत्त्यावर चौकशी आली की वहीतल्या या एका ओळीची गरज पडते. म्हणून किल्ली परत घेताना, अनामतीचा हिशेब संपवण्याआधीच ती लिहून घ्यावी.